घरी लाकडी धनुष्य बनवायचं तर घडण कोणती निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी धनुष्य करायला घेणारे बहुतेक जण आधी एखादं देखणं चित्र पसंत करतात आणि मग त्याला साजेसं लाकूड शोधत फिरतात. माझं सांगणं उलट आहे. आधी कोणतं लाकूड किंवा बांबू हाती येणार ते बघा, मग स्वतःची ओढ, म्हणजे दोरी किती इंच मागे खेचता ते, मोजा आणि घडण या दोन गोष्टींना ठरवू द्या. असं केलं की पहिलंच धनुष्य तुटण्याची शक्यता खूप कमी होते. खालची उत्तरं याच विचाराने लिहिली आहेत.

धनुष्याची पाठ कोणती आणि पोट कोणतं?

दोरी ओढताना जी बाजू लक्ष्याकडे असते ती पाठ, आणि तुमच्या तोंडाकडे असते ते पोट. मधली मूठ, तिच्या वर-खाली दोन पाती, आणि पात्यांच्या टोकांना दोरी अडकवायच्या खाचा. ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. धनुष्य मोडतं ते बहुतेक वेळा पाठीकडून, आणि कायमचा बाक धरतं ते पोट दबल्यामुळे. पुढच्या प्रत्येक उत्तरात हेच दोन धोके येतील.

पहिल्या धनुष्यासाठी एकच घडण सुचवायची तर कोणती?

लांब, रुंद, चपटं धनुष्य. मूठ जाड आणि न वाकणारी. पाती मुठीजवळ सर्वांत रुंद आणि तिथून टोकापर्यंत सरळ रेषेत निमुळती होत गेलेली. याला पिरॅमिड धनुष्य म्हणतात.

ही घडण नवख्याला सोपी का जाते ते समजून घ्या. दोरी ओढली की पात्यावर येणारा वाकवणारा जोर मुठीजवळ सर्वांत जास्त असतो आणि टोकाकडे कमी कमी होत जातो. पात्याची रुंदीही त्याच प्रमाणात कमी होत गेली, तर जाडी जवळपास सगळीकडे सारखी ठेवूनही पातं एकसारखं, वर्तुळाच्या कमानीसारखं वाकतं. म्हणजे बरंचसं काम पेन्सिल आणि पट्टीनेच होऊन जातं. बाकीच्या घडणींत जाडी टोकाकडे हळूहळू उतरवत न्यावी लागते आणि तो उतार डोळ्याने पकडायला सराव लागतो.

आकडे हवे असतील तर हे घ्या. ओढ २८ इंच, ताकद, म्हणजे पूर्ण ओढीला दोरी धरून ठेवायला लागणारा जोर, ३० पाउंडांच्या आसपास, लाकूड मध्यम वजनाचं. एकूण लांबी ६८ इंच. मधले ४ इंच मूठ, तिच्या दोन्ही बाजूंना २-२ इंचांत मुठीची जाडी उतरून पात्याला मिळते. पात्याची सुरुवातीची रुंदी २ इंच, टोकाला अर्धा इंच. जाडी सुरुवातीला ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ठेवा आणि मग खरवडत उतरवा. मुठीसाठी त्याच लाकडाचा तुकडा पोटाच्या बाजूने चिकटवून जाडी सव्वा-दीड इंचावर न्यायची, म्हणजे जाड फळी शोधत बसावं लागत नाही.

माझी ओढ किती, हे कसं कळणार?

दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. ७० इंच भरले तर ओढ २८, ६५ भरले तर २६. एवढा अंदाज पुरतो.

लांबी कशी ठरवायची?

ओढीची दुप्पट, अधिक न वाकणारा मधला भाग, अधिक थोडी खैरात. २८ इंच ओढीला ५६, मूठ आणि उतार मिळून ८, झाले ६४. पहिल्या धनुष्याला आणखी ४ इंच द्या. लांब धनुष्यात तेवढ्याच ओढीला पातं कमी वाकतं, लाकडावर ताण कमी येतो आणि दोरीचा कोन बोटांना चिमटत नाही. बाणाचा वेग किंचित कमी होतो, पण सराव करणाऱ्याला तो फरक जाणवतही नाही. मूठही वाकू देणारी घडण असेल तर तीच ओढ थोड्या कमी लांबीत बसते, कारण मधलं लाकूडही कामाला लागतं.

धनुष्य ओढायला जड झालं तर रुंदी कमी करू की जाडी?

जाडी, आणि तीही अगदी हळू. पात्याचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी एक दशांश कमी केली तर ताठपणा एक दशांश कमी होतो; जाडी एक दशांश कमी केली तर तो एक चतुर्थांशाहून जास्त उतरतो. अर्ध्या इंचाच्या पात्यावर एक दशांश म्हणजे सव्वा मिलिमीटर. रंध्याचे चार बेफिकीर हात मारले की तेवढं निघून जातं. म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा ठेवून द्यायचा आणि काचेच्या तुकड्याने किंवा पोलादी पट्टीने खरवडायचं.

वरच्या हिशेबातून घडणीचाही नियम निघतो. पातं जितकं जाड, तितका त्याच वाकण्याला पाठीवर-पोटावर ताण जास्त. ताकद हवी असेल तर ती रुंदीतून घ्यावी, जाडीतून नाही. लाकूड हलकं किंवा साधारण असेल तर पातं रुंद करा. जड आणि चिवट असेल तर दीड इंचातही भागतं.

चित्रपटांत दिसतं तसं इंग्लिश लाँगबो करू नको का?

पहिल्यांदा नको. ते धनुष्य यू नावाच्या झाडासाठी घडलेलं आहे. यूच्या बाहेरच्या फिकट लाकडाला ताण सोसतो आणि आतल्या तांबूस गाभ्याला दाब सोसतो. दोन्ही थर एकाच दांड्यात निसर्गानेच जोडलेले मिळतात, म्हणून इंग्रजांना अरुंद, जाड, पोटाकडे गोलसर पात्याचं धनुष्य करणं परवडलं. १५४५ साली पोर्ट्समथजवळ बुडालेलं 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ साली वर काढलं गेलं. त्यातून अशी शंभराहून अधिक धनुष्यं मिळाली, लांबी साधारण २ मीटर. इतकी लांब का, याचं उत्तर त्यांच्या जाडीत आहे.

गोल पोटात सगळा दाब मधल्या फुगवट्यावर एकवटतो. यू तो झेलतं. आपल्याकडच्या बहुतेक लाकडांच्या पोटावर अशा वेळी नखाने ओरखडल्यासारख्या बारीक आडव्या रेषा उमटतात. ते तंतू चिरडल्याचं लक्षण आहे आणि त्यावर इलाज नाही.

मग चपटी घडण ही आधुनिक युक्ती आहे का?

अजिबात नाही. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं मध्याश्मयुगातली आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या धनुष्यांत त्यांची गणना होते, आणि त्यांची पाती रुंद नि चपटी आहेत. एल्म हे यू नाही, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी घडण तशी ठेवली. पुढे १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग यांच्यासारख्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी मोजमापं घेऊन दाखवलं की चौकोनी छेदाचं चपटं पातं सामान्य लाकडातून जास्त काम काढतं. हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिराने आणि विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राने एकच उत्तर द्यावं, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्याकडे मिळणारं कोणतं लाकूड चालेल?

माझी पहिली पसंती धामण. चिवट, लवचिक, सरळ रेषांचं लाकूड. औजारांचे दांडे आणि धनुष्यं यांसाठी पूर्वापार वापरलं गेलेलं. तिवसही चिवट आहे. बाभूळ जड आणि दणकट असते, पण सरळ, बिनगाठीची मिळणं नशिबाचा भाग. मिळाली तर पाती अरुंद ठेवा. एक साधी कसोटी लक्षात ठेवा: गावाकडे कुऱ्हाडीच्या आणि कुदळीच्या दांड्याला जे लाकूड निवडतात ते धनुष्याला बहुधा चालतं, कारण दोन्हीकडे तंतू न तुटता झटका सोसायचा असतो.

साग सगळ्यांच्या घरी असतो म्हणून विचारला जातो. तो कापायला सुरेख आणि मुरलेला असला की वाकडा होत नाही, पण पाठीवर ताण सोसण्यात कमी पडतो. नुसत्या सागाचं धनुष्य करू नका. सागाचं पोट आणि बांबूची पाठ ही जोडी मात्र चांगली जमते. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी पृष्ठभाग ताजा रंधून ॲसिटोनने पुसून घ्यायचा. आंबा, सावर, खोक्यांचं पाइन यांच्या नादी लागू नका. वखारीत सिल्व्हर ओक या नावाने मिळणारं लाकूड ओक नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

झाड तोडायचा विचार असेल तर आधी परवानगीचं बघा. आपल्याकडे बऱ्याच जातींची झाडं खासगी जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बांबूचं तसं नाही: वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू २०१७ साली वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला.

नुसत्या बांबूचं धनुष्य होतं का?

होतं आणि उत्तम होतं. सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकमठा बांबूचाच, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीच्या पट्टीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही धनुष्याचे पदार्थ म्हणून ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चारही नावं येतात.

बांबूची सगळी ताकद बाहेरच्या अंगाला असते. सालीलगत तंतू दाट, आत जावं तसा गर मऊ. म्हणून नियम एकच: पाठीकडची साल तासायची नाही. काढायचं ते आतल्या बाजूने. पेरांवरची कड किंचित घासली तर चालते, पण पेर सपाट केलं की तिथले तंतू कापले जातात आणि धनुष्य नेमकं तिथेच उचकटतं.

कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, मानवेलही जाड सालीचा. अशा बांबूचं उभं चिरलेलं अर्धुक घेऊन, मूठ हलकेच वाकू देणारी, सव्वापाच-साडेपाच फुटांची साधी घडण करा. पाठीला चिकटवायची पातळ पट्टी हवी असेल तर मात्र मोठ्या घेराचा बांबू बघा, कारण घेर जितका मोठा तितकी पट्टी सपाट. ही पट्टी मध्यावर सुमारे एक सूत आणि टोकांकडे त्याहून पातळ.

बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला घ्या. तेव्हा त्यातली पिष्टमय द्रव्यं कमी असतात आणि घुण लागायची भीती कमी होते.

वखारीत फळी निवडताना नेमकं काय बघायचं?

यावर जितका वेळ घालवाल तितका थोडा. फळी उजेडात आडवी धरा आणि रुंद बाजूवरच्या रेषांपैकी एका रेषेवर बोट ठेवा. ते बोट रेषेवरूनच सरकवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. बोट फळीच्या टोकापर्यंत पोचलं तर फळी कामाची. मध्येच कडेवरून बाहेर गेलं तर तिथे तंतू कापले गेले आहेत, आणि ताण आला की चीर त्याच वाटेने जाणार. मग फळी अरुंद कडेवर उभी करून तेच करा. दोन्ही बाजूंनी रेषा सरळ हव्यात. एकीकडून सरळ आणि दुसरीकडून तिरपी असलेली फळी परत ठेवा. वखारवाला घाई करेल, करू द्या.

गाठ पात्यात येत असेल तर नको. मुठीच्या आठ इंचांत येत असेल तर चालेल. भेग टोकाला असेल तर तेवढं कापून लांबी उरते का बघा.

फळीऐवजी तीन-चार इंच जाडीचा ओंडका उभा चिरून घेतलात तर आणखी बरं. साल अलगद सोलल्यावर आतून जो गुळगुळीत पृष्ठभाग निघतो, तीच तयार पाठ. तिला हत्यार लावायचं नाही. ओंडक्याची टोकं तोडल्याबरोबर रंगाने किंवा मेणाने बंद करा, नाहीतर ती आठवड्याभरात फाटतात.

मी अमेरिकेत राहतो. तिथे काय सोपं?

हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत रेड ओकची फळी सहज मिळते आणि तिकडचे बहुतेक नवखे तिच्यापासूनच सुरुवात करतात. हिकरी मिळाली तर तिला सोडू नका. पाठीचा ताण सोसण्यात ती अव्वल आहे. घडण वर दिलेलीच.

टोकं पुढे वळलेलं किंवा मुघल चित्रांतलं धनुष्य करता येईल?

मुघल चित्रांतलं धनुष्य नुसत्या लाकडाचं नसतं. आत लाकडाचा गाभा, पोटाला शिंग, पाठीला जनावराच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) थर, आणि हे सगळं सरसाने जोडलेलं. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसतात, म्हणून ते एवढं आखूड असूनही लांब ओढता येतं. त्याचा आकार लाकडात उतरवायला गेलात तर ते पहिल्या पूर्ण ओढीला मोडेल.

लाकडाची टोकं वाफेवर पुढे वळवता येतात आणि त्याने ओढीच्या सुरुवातीलाच जोर मिळतो. पण दोन्ही टोकं एका रेषेत यावी लागतात. एखादं जरा तिरकं झालं तर दोरी बाजूला सरकते आणि पातं पिळवटतं. दोन-तीन सरळ धनुष्यं नीट झाल्यावर याकडे वळा.

मुलासाठी छोटं धनुष्य करायचं तर?

घडण तीच, मापं लहान. आठ-दहा वर्षांच्या मुलाची ओढ २० इंचांच्या आसपास धरा, लांबी ५० इंच, ताकद १२ ते १५ पाउंड. मूल वाढणार म्हणून ताकद वाढवून ठेवू नका. न पेलणारं धनुष्य मुलं खांदा वर करून ओढतात आणि ती सवय सुटत नाही. बाण बोथट टोकाचे, मागे भिंत किंवा बांध, आणि मोठं माणूस शेजारी.

मोठ्यांनी किती पाउंड ठेवावेत?

२५ ते ३०. मोजायला सामान तोलायचा लटकता काटा दोरीला अडकवून ओढा. बाण फार हलका नको: दर पाउंडामागे १० ग्रेन, म्हणजे ३० पाउंडांना सुमारे २० ग्रॅम. हलक्या बाणाने उरलेला जोर धनुष्यातच परततो. बाणाशिवाय दोरी कधीच सोडू नये, हेही त्याच कारणाने.

पाठीवर कापड चिकटवलं तर धनुष्य तुटणार नाही ना?

तागाचं किंवा रेशमाचं कापड पाठीवर ताणून चिकटवलं तर उचकटणारी बारीक सळी दाबून धरली जाते, आणि धनुष्य मोडलंच तर तुकडे उडत नाहीत. फळीच्या धनुष्याला मी ते लावायलाच सांगेन. तिरप्या रेषांची फळी मात्र त्याने वाचत नाही.

पाती सारखी वाकतात की नाही, कसं ओळखायचं?

भिंतीवर मुठीच्या उंचीला एक आडवी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर उभ्या रेघा मारा. मूठ खुंटीवर टेकवा, धनुष्याच्या दोरीला बांधलेली दुसरी दोरी खालच्या कप्पीतून घेऊन चार पावलं लांब उभे राहा आणि हळूहळू ओढा. लांबून बघितल्याशिवाय बाक कळत नाही. एखादी जागा कोपरासारखी मोडलेली दिसली तर तिथे हत्यार लावू नका. तिच्या अलीकडचं-पलीकडचं ताठ लाकूड खरवडा. पेन्सिलने त्या ताठ भागावर खुणा करा, खुणा जाईपर्यंतच खरवडा, मग अर्ध्या ओढीने वीस-तीस वेळा ओढून सोडा. लाकूड नवा बाक लगेच दाखवत नाही, त्याला तेवढं काम द्यावं लागतं. काट्यावर ठरलेले पाउंड आले की ओढ पूर्ण झालेली नसली तरी थांबा आणि पुन्हा खरवडा. ठरल्यापेक्षा जास्त जोराने एकदाही ओढायचं नाही.

पावसाळ्यात काम केलं तर चालेल का?

कोरायचं काम चालेल, शेवटचा बाक जुळवायचं नको. लाकडात ८ ते १० टक्के ओल असावी. कोकणात आषाढ-श्रावणात ती १५ टक्क्यांच्या वर सहज जाते. अशा दमट लाकडाला ओढलं की ते लगेच कायमचा बाक धरतं आणि मग बाण सुस्त निघतो. दिवाळीनंतर हे काम काढा. लाकूड वाळलं का हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं: दर आठवड्याला वजन करा, उतरायचं थांबलं की तयार. विदर्भात मे महिन्यात उलटी अडचण, लाकूड इतकं सुकतं की ठिसूळ होतं. तेव्हा धनुष्य घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि दुपारच्या उन्हात पूर्ण ओढू नका.

हे धनुष्य घेऊन स्पर्धेत उतरता येईल?

ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांनी २०२३ साली बर्लिनमध्ये वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवलं ते कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याने. ते यंत्र वेगळं आणि त्याचा सरावही वेगळा. आपल्याकडे इंडियन राउंड या प्रकारात मात्र बांबू-लाकडाची धनुष्यं वापरली जातात. उतरायचं असेल तर घडण ठरवण्याआधीच जिल्हा संघटनेकडून त्या वर्षीचे नियम बघून घ्या. शिकारीला मात्र याचा वापर नको. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे.

दोरी कशाची लावावी?

अर्थशास्त्रात मूर्वा, रुई, ताग, बांबू, कंडरा अशी यादी आहे आणि यातल्या तागाची दोरी आजही वळता येते. सुरुवातीला डॅक्रॉन या पॉलिस्टर धाग्याची बरी, कारण ती थोडी ताणते आणि लाकडाच्या टोकांना झटका कमी बसतो. नायलॉन नको, ते ताणतच राहतं. अजिबात न ताणणारे आधुनिक धागे लावायचे तर टोकांना कठीण लाकडाची किंवा शिंगाची चकती चिकटवून खाच तिच्यात कापावी. दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत साधारण ६ इंच अंतर ठेवा. नेम संपला की दोरी उतरवून धनुष्य खुंटीवर आडवं टांगा, कोपऱ्यात तिरपं उभं करून ठेवू नका.